बोटांचं सगळंच दुखणं शुगरवर ढकलू नका

पत्र थोडक्यात: निपाणीजवळच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय. वय 52. शुगर होऊन 11 वर्षं झाली, मेटफॉर्मिन सुरुवातीपासून चालू आहे, सोबत शुगरचीच ग्लिमेपिराइड आणि रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी. आधी बरीच वर्षं विड्या वळल्या, आता घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. घर माळकरी. वर्षभरापासून बोटांना मुंग्या येतात, उजव्या हाताला जास्त, त्यातही अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. रात्री अडीच-तीनला जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ नीट वळत नाही, हरिपाठाला हात जोडले तर तळवे टेकत नाहीत, मधे फट राहते. कधीकधी करंगळीशेजारचं बोट वाकलं की वाकलेलंच राहतं, दुसऱ्या हातानं सरळ करावं लागतं. पायाला काही त्रास जाणवत नाही. तीन महिन्यांची शुगर 8.9. डॉक्टरांनी "शुगर नसांत उतरलीय" म्हणून नसांची गोळी दिलीय, तांबडी इंजेक्शनंही झालीत. शेजारीण म्हणते हे मेटफॉर्मिनमुळंच, ती बंद कर आणि अमक्याची पुडी घे. मुलगा म्हणतो मशीन विकून टाक, आता बसून खा. ताई विचारतात, शिवण सोडू का, गोळी सोडू का, आणि चहाचा कप दोनदा हातातून पडला ते घरात लपवलंय, ते सांगू का.

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "शुगरवाल्यांच्या बोटांचं असंच होतं म्हणतात, मग त्याला औषध काय करणार". मशीन विकायचा विचार, गोळी बंद करायचा विचार, घरात न सांगणं, हे सगळं त्या एका वाक्यातनं आलंय. आणि ते वाक्यच मला पटत नाही. मी डॉक्टर आहे पण तुमचा हात मी बघितलेला नाही, त्यामुळं तुम्हाला नक्की काय झालंय हे इथं बसून सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं बारकाईनं लिहिलंय की त्यावरून एवढं म्हणता येतं, तुमच्या हातात बहुतेक एक नाही, दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी चालल्यात, आणि त्यातल्या काहींवर चांगले उपाय आहेत.

पहिली गोष्ट मुंग्यांची. शुगरनं नसा खराब होतात हे खरं आहे, पण त्याची एक रीत असते. अंगातल्या सगळ्यात लांब नसा पायाकडं जाणाऱ्या, म्हणून त्रास आधी पायाच्या बोटांत सुरू होतो, दोन्ही पायांत जवळपास सारखा, मग तळवा, घोटा, पोटरी असं वर चढत जातो, आणि साधारण गुडघ्याच्या आसपास पोचला की मग हाताच्या बोटांची पाळी येते. तुम्ही म्हणताय पायाला काहीच नाही, हाताला मात्र वर्ष झालं, आणि त्यातही एका हाताला जास्त, आणि पाचही बोटं नाहीत तर अंगठा आणि दोनच. हे त्या रितीत बसत नाही हो. म्हणजे पायाच्या नसा एकदम ठीक आहेत असं मी म्हणत नाही, बधिरपणा असला की तो कळतच नाही हीच तर त्याची खोड, त्यामुळं पाय तपासून घ्यायचेच आहेत. पण फक्त "शुगर नसांत उतरली" एवढ्यावर थांबून वर्षभर एकच गोळी खात राहणं बरोबर नाही.

अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि त्याच्या पुढच्या बोटाची अर्धी बाजू, एवढ्या भागाला एकच नस जाते, मीडियन नर्व्ह. ती मनगटापाशी हाडं आणि एका जाड पट्ट्याच्या मधून, खूप अरुंद जागेतून हातात उतरते, आणि तिथं सूज आली की ती दबते. त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रात्री झोपेत मनगट नकळत वाकून राहतं म्हणून त्रास रात्री जास्त, आणि हात झटकला की बरं वाटणं ही तर डॉक्टर लोक मुद्दाम विचारतात अशी खूण आहे. शुगर असलेल्यांना हे इतरांपेक्षा जास्त होतं, बायकांना जास्त होतं, थायरॉइड कमी असेल तर होतं, आणि ज्यांचं काम मनगट वाकवून, चिमटीत धरून, तेच तेच करायचं असतं त्यांनाही होतं. आता तुमचा हात आठवा की. आधी पान कातरणं, जर्दा भरणं, विडी वळणं, मग कात्री, सुई, काज-बटण. निपाणी भागात तुमच्यासारखे हात घरोघरी आहेत आणि त्यातल्या कितीतरी बायकांना "वय झालं" किंवा "शुगर आहे" एवढंच सांगून परत पाठवलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते, मुंग्या करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या करंगळीकडच्या बाजूला असतील तर नस बहुतेक कोपरापाशी दबत असते, फोन कानाला लावून तासतास बसणाऱ्यांना किंवा कोपर टेकून बसायची सवय असणाऱ्यांना. मानेतनं कळ निघून खांद्यावरून हातात उतरत असेल तर मान बघावी लागते. म्हणून मी सगळ्यांना एक काम सांगते आणि ते तुम्हाला तर फारच सोपं आहे, कटिंगच्या कागदावर दोन्ही हात ठेवून खडूनं कड काढा, दोन्ही बाजूंचे, तळहाताचे वेगळे आणि पाठीचे वेगळे, आणि जिथं मुंग्या येतात तिथं रेघा मारा, जिथं बधिर वाटतं तिथं टिंबं, जिथं दुखतं तिथं फुल्या. हा कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलात की "हाताला कसंतरी होतंय" म्हणण्यापेक्षा दहा पटीनं जास्त कळतं, आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असोत नाहीतर मराठी, कागद दोघांनाही वाचता येतो.

कार्पल टनेल असेल तर पुढं काय? पहिला उपाय एकदम साधा आहे, रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा, मेडिकलमध्ये रिस्ट स्प्लिंट म्हणून मागा, आत पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी असलेला, नुसता इलॅस्टिकचा नको, आणि करकचून बांधायचा नाही. पाच-सहा आठवडे रोज रात्री नेमानं वापरायचा, दोन रात्रीत फरक नाही पडला म्हणून कोनाड्यात टाकायचा नाही. त्यानं नाही भागलं तर मनगटात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन देतात, ते चालतं, पण ते दिल्यावर काही दिवस शुगर वर जाते हे आधी माहीत असू दे, त्या दिवसांत घरी तपासत राहायचं. आणि नस जास्त दबली असेल तर छोटं ऑपरेशन, हात तेवढा बधिर करून, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. "शुगरवाल्यांनी हाताचं ऑपरेशन करू नये" असं गावात बोलतात, त्याला आधार नाही, शुगर असलेल्यांनाही त्याचा फायदा होतो, फक्त आधी शुगर आटोक्यात आणून मग करायचं. नस किती दबलीय हे एनसीव्ही नावाच्या तपासणीत कळतं. ती तालुक्याला मिळेलच असं नाही, बेळगावला, कोल्हापूरला, मिरजेला होते.

एक गोष्ट मात्र मला काळजीची वाटते, कप पडणं. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो दोन्ही हातांचा शेजारी-शेजारी ठेवून बघा. उजव्याचा चपटा झालाय का? अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना जोर लावून टेकवता येतात का, सुई चिमटीत धरून राहते का, हूक लावता येतात का? चपटेपणा दिसला किंवा जोर कमी वाटला तर पट्टा बांधून महिनाभर वाट बघायची नाही, सरळ हाताच्या किंवा हाडाच्या डॉक्टरांकडं जायचं. नस फार काळ दबून राहिली तर स्नायू वाळतो आणि मग ऑपरेशन करूनही जोर पूर्ण परत येत नाही. तुमच्या धंद्याला तोच जोर पाहिजे.

आता आखडण्याचं. हात जोडले की तळवे टेकत नाहीत ही तुम्ही सहज लिहिलेली गोष्ट, पण शुगरच्या डॉक्टरांसाठी ती मोठी खूण आहे, तिला प्रेयर साइनच म्हणतात, आणि असाच दुसरा प्रकार म्हणजे तळहात टेबलावर पालथा ठेवायचा, सगळी बोटं फळीला टेकतात का बघायचं. 1974 साली अमेरिकेत रोझेनब्लूम आणि फ्रायस या डॉक्टरांनी शुगर असलेल्या मुलांमध्ये असे ताठ झालेले सांधे बघून त्यावर लिहिलं होतं, नंतर मोठ्या माणसांतही ते सर्रास दिसतं हे लक्षात आलं. होतं काय, रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते. आपला बेळगावचा कुंदा आठवा, दूध आणि साखर तापत राहिली की रंग तांबूस होतो, पोत घट्ट होतो, तिथं साखर आणि दुधातली प्रथिनं यांचं जे होतं तसलंच अंगाच्या ऊबेत फार हळूहळू आपल्या कातडीतल्या आणि सांध्याभोवतीच्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं होतं, आणि कुंद्याचं परत दूध होत नाही तसं हेही पूर्ण उलटं फिरत नाही. बोटांवरची कातडी जाड, मेणचट, चकाकती दिसते, चिमटीत उचलली जात नाही, बोटं बहुतेक करंगळीकडून आखडत येतात, आणि गंमत म्हणजे फार दुखत नाही, म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात.

उलटं फिरत नाही म्हटलं म्हणून घाबरू नका, ते आहे तिथं थांबवता येतं आणि रोजच्या ताणानं बऱ्यापैकी मोकळं करता येतं. सकाळी कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवायचे, पाणी किती गरम आहे ते स्वतःच्या बधिर बोटांनी बघायचं नाही, कोपर बुडवून किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून बघून घ्यायचं, कारण असे भाजलेले हात मी दवाखान्यात बघितलेत. मग तळहात टेबलावर ठेवून दुसऱ्या हातानं बोटं हळू दाबायची, हात जोडून कोपरं बाहेर काढत ताण द्यायचा, मूठ वळायची आणि पूर्ण उघडायची, प्रत्येक बोट एकेक करून वाकवायचं. ताण जाणवला पाहिजे, कळ आली नाही पाहिजे. हात जोडताना किंवा मूठ वळताना मुंग्या वाढायला लागल्या तर तो ताण तिथंच सोडायचा. दिवसातनं तीन-चार वेळा. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलंत तर उत्तम.

पण या आखडण्याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे आणि तो कुणी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. ज्या साखरेनं बोटांचं कोलॅजन घट्ट केलं तीच साखर डोळ्याच्या पडद्यातल्या आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्येही फिरतेय, आणि ज्यांची बोटं अशी आखडतात त्यांच्यात डोळ्याचा आणि किडनीचा त्रास जास्त सापडतो. म्हणून तळवे टेकत नाहीत असं दिसलं की डोळ्यात थेंब घालून मागचा पडदा तपासून घ्यायचा, नुसता चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ती तपासणी नव्हे, आणि लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं. सुईत दोरा ओवता येतोय म्हणजे डोळे चांगले आहेत असं समजू नका ताई, पडदा बराच खराब होईपर्यंत नजर साफ राहू शकते. आणि खांदा? हात वर करून फळीवरचा डबा काढता येतो का, पाठीमागं हात नेऊन हूक लावता येतो का? शुगरवाल्यांचा खांदाही असाच आखडतो, लवकर ध्यानात आला तर बरं.

ते अडकणारं बोट वेगळं. वाकलं की अडकतं आणि सोडवताना टक् होतं, त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात, बोटाचा दोर ज्या नळीतनं सरकतो ती जाड झालेली असते. हेही शुगरवाल्यांना जास्त होतं. जोरानं ओढून सरळ करत बसू नका, त्याला आराम, पट्टी, इंजेक्शन, नाहीतर लहानसं ऑपरेशन असे उपाय आहेत. आणि कुणाच्या तळहातात बोटाकडं जाणारी कडक दोरीसारखी गाठ लागत असेल तर तो अजून वेगळा प्रकार, तोही दाखवून घ्यावा. सांधे सुजून लाल होत असतील, सकाळचा ताठपणा तासभर जात नसेल, थंडीत बोटं पांढरीफट किंवा निळी पडत असतील, तर ते संधिवाताकडं जात असू शकतं, तिथं शुगरचा विचार बाजूला ठेवून वेगळ्या तपासण्या लागतात.

आता मेटफॉर्मिन. तुमच्या शेजारणीचं म्हणणं मी पूर्ण खोटं नाही म्हणणार, त्यात अर्धी गोष्ट खरी आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की जेवणातलं बी12 आतड्यातून कमी शोषलं जातं. पित्ताची रोजची गोळीही तेच करते. आणि बी12 मुळात मिळतं ते मटण, मासे, अंडी, दूध यातनं, तुमचं घर माळकरी, म्हणजे दूध-दही हाच काय तो आधार, आणि तेही शुगरमुळं आणि पित्तामुळं तुम्ही बहुतेक कमी केलं असणार. तीन वाटा एकाच ठिकाणी आल्या. बी12 कमी झालं तरी हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, थकवा येतो, विसरायला होतं, आणि हे सगळं लोक शुगरच्या खात्यावर टाकतात. पण त्यावर उपाय गोळी बंद करणं हा नाही, बी12 तपासून ते भरून काढणं हा आहे, मेटफॉर्मिन चालू ठेवूनही ते होतं. रिपोर्टमध्ये आकडा 200 च्या खाली असेल तर कमी समजतात, 200 ते 300 च्या मधे असेल तर शंका धरतात. तुमची ती तांबडी इंजेक्शनं बहुतेक बी12चीच असणार, ती आत्ताच झाली असतील तर आकडा वर दिसेल आणि फसगत होईल, म्हणून लॅबमध्ये जाण्याआधी डॉक्टरांना सांगा कधी आणि किती झाली. खरं तर तपासणी आधी आणि इंजेक्शन नंतर असायला पाहिजे होतं, वाचणाऱ्यांनी तरी तसं करा.

मनानं मेटफॉर्मिन बंद केली तर काय होईल, 8.9 चा आकडा अजून वर जाईल आणि जे आखडतंय ते अजून आखडेल. ती कमी करायची किंवा थांबवायची वेळ येते ती किडनी कमी काम करत असेल तेव्हा, आणि ते क्रिएटिनिन बघून डॉक्टर ठरवतात. पुडीबद्दल स्पष्ट लिहिते, ज्याच्यावर ना नाव, ना कंपनी, ना आत काय आहे ते, असली पावडर पोटात घालू नका. असल्या काही औषधांत शिसं, आर्सेनिक सापडलेलं आहे, आणि या दोन्ही गोष्टी स्वतःच नसा खराब करतात. आयुर्वेदावर तुमचा विश्वास असेल तर शिकलेल्या वैद्यांकडं जा, त्यांना सगळ्या गोळ्या दाखवा, लपवू नका.

नसांच्या गोळ्यांबद्दलही थोडं. प्रीगाबॅलिन, गॅबापेंटिन वगैरे गोळ्या नसेची जळजळ, कळा, मुंग्या दाबतात, ज्यांना त्याची गरज आहे त्यांना त्या झोप मिळवून देतात, त्यांना नावं ठेवणार नाही मी. पण मनगटात दबलेली नस त्यानं मोकळी होत नाही. आणि त्यानं गुंगी येते, पाय सुजतात, वजन वाढतं, तसं काही होत असेल तर सांगा, एकदम बंद मात्र करू नका, हळूहळू कमी करतात. त्यासोबत मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, एक संपली की दुसऱ्या नावाची, असं महिनोन् महिने चालू असेल तर पाकीट नीट बघून घ्या, त्यातलं बी6, म्हणजे पायरिडॉक्सिन, फार डोसमध्ये फार काळ गेलं तर त्यानंच बधिरपणा येतो. सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या, "तांबडी गोळी, पिवळी गोळी" असं सांगून कुणालाच कळत नाही.

शुगर उतरवायची आहेच, 8.9 वर हात सुधारणार नाही. तुमच्या वयाला साधारण 7 च्या आसपास हा बहुतेकांचा अंदाज असतो, तुमचा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. पण हे वाचून उद्यापासून एकवेळ जेवण आणि कारल्याचा रस असलं काही सुरू करू नका. बरेच दिवस चढलेली शुगर दोन-तीन महिन्यांत धाडकन खाली आणली तर नसांच्या कळा उलट भडकतात, असं होतं हे नीट माहीत असलेलं आहे. हळूहळू. एकादशीचा उपवास श्रद्धेनं करताय ते करा, पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा हे शुगरसाठी जेवणापेक्षा वाईट, आणि काहीच न खाता ग्लिमेपिराइड घेतली तर शुगर एकदम खाली जाते, ओठाभोवती आणि बोटांत मुंग्या, हात थरथरणं, घाम, असं झालं तर ती नसांची गोष्ट नाही, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि मग काहीतरी खायचं. उपवासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा.

एक प्रश्न विचारते, राग मानू नका. मिश्री लावता का? आपल्या भागात बायका दात घासायचं म्हणून लावतात आणि त्याला तंबाखू समजतच नाहीत. ती तंबाखूच आहे, रक्तवाहिन्या आकसतात, आणि शुगरसोबत ते पायाला आणि नसांना फार महागात पडतं. असेल तर सोडायला मदत मागा, लाजू नका.

पाय. डॉक्टरांना सांगून नायलॉनच्या बारीक तारेनं आणि ट्यूनिंग फोर्कनं तळपाय तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. तोपर्यंत रोज रात्री तळवे बघा, आरशात नाहीतर नातवंडाला सांगा बघायला. बधिरपणा निघाला तर वारीत किंवा डोंगरावर अनवाणी चालायचा नेम असेल तो मोडावा लागेल, आणि कडक चामड्याच्या चपलेऐवजी मऊ, बंद पादत्राण घ्यावं लागेल. देवाला त्याचं वाईट वाटणार नाही.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, मुंग्या किंवा बधिरपणा अचानक आला, एकाच बाजूच्या हाताला-पायाला-तोंडाला आला, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली, तर तो लकवा असू शकतो, मालिश नको, उद्या बघू नको, गाडी काढून सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि निपाणीहून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

आता तुमचा खरा प्रश्न, मशीन. मुलगा काळजीनं बोलतोय हे मला कळतं, आणि त्यालाही बहुतेक तेच सांगितलं गेलंय जे तुम्हाला, की आता हे वाढतच जाणार. तो समज दुरुस्त झाला की त्याचा सल्लाही बदलेल. तपासणी झाल्याशिवाय मशीन विकू नका. तुमच्या पत्रात कुठं ब्लाउजचा कट कसा, कुठल्या गिऱ्हाइकाचा माप कसा बदलत गेला हे तुम्ही ज्या आवडीनं लिहिलंय त्यावरून ते नुसतं पैशाचं काम नाही, आणि पैशाचं असलं तरी स्वतःच्या हातचा पैसा सोडून बसून खाणं हे सुखच असेल असं धरून चालायचं कारण नाही. पण काम जसं आत्ता चाललंय तसंच चालू ठेवणंही चालणार नाही. कात्रीला धार लावून घ्या, बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो, जमलं तर स्प्रिंगची कात्री घ्या. पायमशीन असेल तर मोटर बसवा म्हणजे चाक हातानं फिरवायला लागणार नाही. खुर्ची थोडी उंच करा, मनगट सरळ राहील अशी. सलग कटिंग, सलग काज-बटण असं करू नका, अर्ध्या तासानं उठा, दुसरं काम करा, बोटं ताणा. काज-बटण आणि हुकांचं काम एखाद्या शिकाऊ मुलीला द्या, पिकोचं मशीनचं काम स्वतःकडं ठेवा. बोट अडकायचं थांबेपर्यंत भरतकाम घेऊ नका. लगीनसराईच्या ऑर्डरी घेताना पूर्वीइतक्या घेऊ नका, गिऱ्हाईक दोन दिवस थांबतं.

घरात सांगायचं का? सांगा, आणि आजच. कप पडल्याचं लपवून तुम्ही स्वतःवर "आपण वेंधळ्या झालो" असा आळ घेताय, तो तुमचा नाही. आणि न सांगण्यात धोका आहे, उकळत्या तेलाची कढई, चुलीवरचं भांडं याच हातांनी उचलताय. भाजलं तरी लगेच कळणार नाही. सुनेला सांगा की गरम जड भांडी काही दिवस तिनं उचलावीत, आणि कपडे पिळायचं काम तर घरातल्या पुरुषांनीही करायला हरकत नाही. मुलाला दवाखान्यात सोबत न्या, म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते त्याच्याही कानावर पडेल आणि घरी येऊन तुम्हाला पटवत बसावं लागणार नाही.

खर्चाचा विचार करत असाल तर सगळं खासगीतच करावं लागतं असं नाही. सरकारी दवाखान्यांत बीपी-शुगरच्या रुग्णांसाठी एनसीडी विभाग असतो, तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात आधी तिथं चौकशी करा. त्यापुढची तपासणी लागली तर बेळगावचं जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, जाताना रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. कोल्हापूर-मिरज तुम्हाला सोयीचं असेल तर तिकडं जा, फक्त एकीकडचे रिपोर्ट दुसरीकडं न्या, परत परत तेच रक्त काढायला लावू नका. लिहून न्यायच्या तपासण्या अशा, तीन महिन्यांची शुगर, बी12, थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्याचा पडदा, पायाची तपासणी, आणि हात बघून डॉक्टरांना वाटलं तर एनसीव्ही. यातल्या सगळ्या एकाच दिवशी करायची गरज नाही, पण बी12, टीएसएच आणि अंगठ्याचा जोर या तीन गोष्टी या आठवड्यात बघून घ्या, आणि पट्टा आज रात्रीपासून बांधा, त्याला कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही.